मेनोआशी पटतं का?

लेम्बाने एकोणतीस वर्षं नदीकाठच्या शाळेत मलय भाषा आणि विज्ञान शिकवलं. एवढ्या वर्षांत ती कुठल्या शब्दापुढे अडली नव्हती. अडली ती निवृत्त झाल्यावर, दुसऱ्या वर्षी. शब्द साधाच होता. 'निसर्ग'.

मलुआन नदीच्या वरच्या अंगाला उम्पाऊचं लांबघर आहे. बावीस दारं, बावीस कुटुंबं, आणि सगळ्या दारांपुढून जाणारी एकच लांबलचक ओसरी. उम्पाऊ तिथला मुखिया, लेम्बाचा चुलतभाऊ. घरामागच्या सेंगारी टेकडीत जंगलं वाचवणाऱ्या एका संस्थेला रस निर्माण झाला होता, आणि काहीही वाचवण्याआधी तिथल्या लोकांना बासष्ट प्रश्न विचारायचे असा त्या संस्थेचा नियम होता. प्रश्न मलयमध्ये होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना मलय येते ती मीठ-रॉकेल घेण्यापुरती, तेव्हा ते प्रश्न त्यांच्या इबान भाषेत करून द्यायला कोणीतरी हवं होतं.

"आमच्या चेगू आहेत की," उम्पाऊ म्हणाला. चेगू म्हणजे मास्तरीणबाई. लेम्बाला तिची सख्खी बहीणसुद्धा चेगूच म्हणायची.

एकसष्ट प्रश्न तिने एका सकाळी उरकले. सातवा राहिला: 'तुम्ही निसर्गाशी सुसंवाद राखून जगता का?'

इबानमध्ये नदी आहे, डोंगर आहे, रानडुक्कर आहे, पाऊस आहे, वेताच्या एकेका जातीला वेगळं नाव आहे. पण हे सगळं एका मोळीत बांधायचं आणि त्यातून माणूस तेवढा काढून टाकायचा, असा शब्द नाही. कोणाचं त्यावाचून अडलं नव्हतं. शाळेत ती मलय शब्द वापरायची, 'आलाम', आणि मुलं तो परीक्षेत लिहून विसरून जायची. तोच शब्द तिने शेजारच्या आकी जेरागामवर वापरून पाहिला. आकी म्हणजे आजोबा. वय एक्याऐंशी, गळ्यावर गोंदण, आणि दिवसभर ओसरीवर वेत सोलत बसण्याचा उद्योग.

"आकी, तुमचं आलामशी कसं काय?"

"कोणाशी?"

"आलामशी."

"सरकारी आहे ना ते?" आकींनी विचारलं. "चांगलं आहे. अगदी उत्तम आहे. लिहून टाक."

लेम्बाने ते लिहिलं नाही. साहेबापुढे मान डोलवण्याला उत्तर म्हणायचं, हे तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. दोन दिवस ती त्या एका शब्दाभोवती घुटमळत राहिली. भात करपला, तरी घुटमळत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने 'मेनोआ' हा शब्द नक्की केला. मेनोआ म्हणजे एका लांबघराचा सगळा मुलूख. त्यात नदी आली, टेकड्या आल्या, शेतं, रान, मासे, पुरलेली माणसं आणि न पुरलेलीही. याहून जवळचा शब्द मिळणार नव्हता. 'सुसंवाद'ला तिने 'पटणं' घातलं, आणि वाक्य झालं: तुमचं मेनोआशी पटतं का? वाक्य वाचून तिला थोडा अभिमानही वाटला.

प्रश्न विचारायला डॉक्टर तेओ आल्या. समुद्रापलीकडच्या पेनांगच्या, झाडांच्या डॉक्टर. बारीक चणीच्या, खिशाला दोन पेनं, समोर येईल ते मुकाट खाणाऱ्या. झाडांच्या डॉक्टर आहेत हे सांगूनही सहा जणांनी त्यांना गुडघे दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि सांगितलं की झाडांना ही अडचण येत नाही.

ओसरीवर चटया पसरून तीन दिवस काम चाललं. सातव्या प्रश्नाला तिसऱ्या दाराची मेरांग म्हणाली, "पटायचं कसं? चौथ्या दारावाल्यांचा कोंबडा चोवीस तास माझ्या मिरीच्या वेलांत!"

"नाही," लेम्बाने मलयमध्ये सांगितलं. डॉक्टरांनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

उम्पाऊ म्हणाला, "मुखियाचं कधी कोणाशी पटतं का?" नाही.

आकी जेरागाम म्हणाले, "बायको सोडली तर बाकी मेनोआशी झकास पटतं."

फॉर्मवर 'अंशतः' अशी चौकट होती. लेम्बाने ती सुचवली.

आकींची बायको इनी सेंदी पलीकडे भात पाखडत होती. इनी म्हणजे आजी. तिने सूप न थांबवता विचारलं, "यांनी काय लिहिलं?"

"अंशतः."

"मग माझंही तेच लिही. जास्त नको."

चार महिन्यांनी अहवाल आला. रविवारची प्रार्थना आटोपल्यावर उम्पाऊने सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि कागद लेम्बाच्या हातात दिले. तिने वर्गात वाचायची तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट, उम्पाऊच्या लांबघरातले अडुसष्ट टक्के लोक निसर्गाशी संघर्षाच्या स्थितीत होते. दुसरी गोष्ट, त्यांचं पाऊण अन्न गावातून येत होतं आणि जंगलावरचं अवलंबित्व नगण्य होतं. तिसरी गोष्ट, सेंगारी टेकडी हे खराब झालेलं जंगल असून ते सुधारण्यासाठी तिथे पंधरा वर्षं माणसांचा वावर बंद ठेवावा. लोकांना त्याची झळ बसणार नाही, कारण (पाहा, दुसरी गोष्ट). मोबदल्यात संस्था नळाचं पाणी आणि सौर दिवे देणार होती. मुखियाची संमती पुढल्या महिनाअखेरीपर्यंत हवी होती.

"कुठल्या गावातून?" उम्पाऊने विचारलं. "बाजार बोटीने चार तास. वाटेत गाव आहे कुठे?"

ते कोणालाच सांगता येईना. लेम्बालाही नाही. पण पहिली गोष्ट कुठून आली ते तिला ओळ वाचता वाचताच कळलं होतं, आणि तिचे कान तापले होते.

"म्हणजे माझं कोंबड्यावरून भांडण," मेरांग सावकाश म्हणाली, "ते निसर्गाशी लागलं?"

"हो."

"कोंबड्याचं नाव आहे का त्यात?"

"नाही."

"मग अर्धवटच लिहिलंय."

सेंगारीवरचे दोन तुकडे पुढल्या वर्षी पेरणीच्या पाळीला येत होते. त्यातला एक इनी सेंदीचा. तिने बोटांवर हिशेब केला. "पंधरा वर्षांनी मी ब्याण्णव. येईन म्हणावं पेरायला. काठी धरून ठेवायला माणूस द्या."

लोक हसले आणि आपापल्या दारामागे गेले. लेम्बाला कोणी दोष दिला नाही. तेच तिला जड गेलं. दोष दिला असता तर तिला समजावून सांगता आलं असतं.

फोनला रेंज फक्त धक्क्याजवळच्या मोठ्या खडकावर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या खडकावर चढली आणि डॉक्टरांना म्हणाली, "सातव्या प्रश्नात चूक आहे. चूक माझी आहे." मग तिने पंधरा मिनिटं मेनोआचा अर्थ सांगितला.

"मी येते," डॉक्टर म्हणाल्या.

त्या तीन आठवड्यांनी आल्या, लॅपटॉप आणि एक लांब ॲल्युमिनियमची काठी घेऊन. निष्कर्ष मुख्य कचेरीने काढले होते, आकडे मात्र त्यांचेच होते, हे त्यांनी बोटीतून उतरता उतरताच सांगून टाकलं. मग दोघी चहा घेऊन ओसरीवर बसल्या.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या, "निसर्ग म्हणजे नेमकं काय म्हणून."

"आता विचारते. काय?"

डॉक्टरांनी बिस्किट चहात बुडवलं. "माणसाने हात न लावलेलं."

"मग आकींनी लावलेला दुरियान?"

"तो नाही."

"त्याचं फळ अस्वलाने पळवलं, बी टेकडीपलीकडे पडली, तिथे झाड आलं. ते?"

"ते..." बिस्किट चहात पडलं. "ते बहुधा हो."

"म्हणजे आई निसर्ग नाही, लेक निसर्ग."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून हे लिहून घेतलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. लेम्बालाही ती चेष्टा वाटली नाही. एकोणतीस वर्षं तिने 'निसर्ग'ची व्याख्या फळ्यावर लिहून दिली होती, आणि एकाही मुलाला हे विचारू दिलं नव्हतं.

"आता ते गावचं अन्न," ती म्हणाली. "ते कुठून आलं?"

डॉक्टरांनी वही उघडली. "हे तर लोकांनी स्वतःच सांगितलं, तुमच्यासमोर. डुक्कर कुठून आणता? कांपोंगमधून. नेचे? कांपोंगमधून. मध, वेत, सरपण, सगळं कांपोंगमधून. हा शब्द मला येत होता, म्हणून तुम्हाला विचारलाच नाही."

लेम्बाने कप खाली ठेवला. "डॉक्टर, मलयमध्ये कांपोंग म्हणजे गाव."

"हो."

"इबानमध्ये कांपोंग म्हणजे जंगल. मोठ्या झाडांचं, दाट."

डॉक्टरांनी वहीतल्या त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाल्या, "रानडुक्कर गावातून आणतात, हे मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. पण म्हटलं, इथे तशी पद्धत असेल."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा लेम्बाला भूक लागली. दुसऱ्याची चूक ऐकून आपल्याला भूक लागावी याची तिला लाज वाटली, पण ती जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर, लेम्बा आणि आकी टेकडीवर निघाले. मागून इनी सेंदी पाठीला टोपली लावून आली. तिला म्हणे नेच्याचे कोंब खुडायचे होते. नेचे तर धक्क्याजवळच ढीगभर असतात.

ॲल्युमिनियमची काठी पाच मीटरची होती. काठीहून उंच झाडं आणि पुरेशी सावली असली तर ते जंगल, नसली तर नाही, असा नियम. आकींना तो फार आवडला. त्यांनी एका झाडाला काठी लावून पाहिली.

"हे वीतभर कमी आहे. म्हणजे?"

"जंगल नाही," लेम्बाने भाषांतर करून सांगितलं.

"आणि पुढल्या वर्षी?"

"वाढलं तर जंगल."

"त्याला कळवणार कोण?"

डॉक्टर हसल्या. आकी मग चालता चालता तुकडे दाखवू लागले. कापणी होऊन नुसती खुंटं उरली ती जेरामी. झुडपं वर आली की तेमुडा. झाडं मांडीएवढी झाली की डामुन. आणि वीस-पंचवीस वर्षांचं, आत शिरलं की थंड वाटतं ते पेंगेरांग. मग पुन्हा कुऱ्हाड, पुन्हा भात.

"पेंगेरांग म्हणजे वाढून आलेलं जंगल," डॉक्टरांनी विचारलं, "की पडीक टाकलेलं शेत?"

लेम्बाने वाक्य मनात एकदा जुळवलं, दुसऱ्यांदा जुळवलं. "हा प्रश्न इबानमध्ये होत नाही," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना तोच शब्द येतो."

"बरं. मग 'खराब झालेलं' विचारा."

ते विचारता येत होतं. लेम्बाने विचारलं. आकी थांबले आणि डोळ्यांवर हात धरून खराब काय झालंय ते शोधू लागले.

"कुठे?"

"हे सगळंच, आकी. ही टेकडी."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "कशापेक्षा खराब?"

"आधी होती त्यापेक्षा."

"आधी म्हणजे?"

डॉक्टरांना ते सांगणं अवघड गेलं, पण त्यांनी सांगितलं. "तुमची माणसं इथे येण्याआधी."

"माझ्या पणजोबाने इथे पहिलं झाड तोडलं तेव्हा मुळांखाली कोणाची तरी मडकी निघाली होती."

"मग त्यांच्याही आधी."

"ते कोणी पाहिलंय?"

डॉक्टरांनी काठी जमिनीवर टेकली. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मीही नाही. आमच्याकडे आकाशातून काढलेली चित्रं आहेत, पण ती एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासूनची."

"एवढंच ना?" आकी म्हणाले. "माझ्याकडे त्याआधीचंही आहे."

आणि एका ओंडक्यावर बसून त्यांनी टेकडी सांगायला सुरुवात केली. कुठला तुकडा कोणी कधी तोडला, किती वर्षं सोडला, मग कोणी घेतला. वर्षांना आकडे नव्हते. लेकीला, सुलाऊला, गोवर निघाला ते वर्ष. नदी तिसऱ्या पायरीपर्यंत चढली ते वर्ष. पहिलं बोटीचं इंजिन आलं आणि त्याच आठवड्यात बुडालं ते वर्ष. लेम्बा भराभर आकडे घालत गेली. गोवराच्या वर्षी तिची नोकरी लागली होती. पुराच्या वर्षी शाळा दोन महिने बंद होती. डॉक्टर लिहीत गेल्या. आकी मध्ये फक्त एकदा थांबले, पानाचा तोबरा बदलायला.

दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडला, तेव्हा निम्मं लांबघर गोळा झालं होतं. अठ्ठ्याऐंशीनंतरचे सतरा तुकडे निघाले. डॉक्टर एकेक वर्ष काढत, लेम्बा नाव वाचे, आणि हिरव्या चित्रावर ठरल्या जागी तपकिरी चौकोन निघे. पहिल्या पाचापर्यंत लोक ओरडत होते. दहानंतर सगळे बोटांवर मोजायला लागले. सतराच्या सतरा जुळले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"एक जास्तीचा आहे," त्या म्हणाल्या. "नव्याण्णव साल. दक्षिणेचा उतार, काळ्या दगडाखाली. इथे शेत दिसतंय. आकींनी ते सांगितलं नाही."

"तिथे कधी शेत नव्हतं," आकी म्हणाले. "तुमचं आकाश चुकलं."

"शक्य आहे," डॉक्टर मोकळेपणाने म्हणाल्या. "कधी कधी ढगाची सावली पडते."

"ढग नाही तो," इनी सेंदी नेचे निवडता निवडता म्हणाली. "भात आहे."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"हे तेव्हा ब्रुनेईला होते. बांधकामावर, दोन वर्षं. मी आणि सुलाऊने तोडला तो उतार. जाळला आम्ही, पेरला आम्ही. त्या वर्षी या घरात खाल्लं काय, असं वाटलं तुम्हाला?"

"मला सांगितलं नाहीस," आकी म्हणाले.

"सांगितलं. धक्क्यावर उतरलात तेव्हाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं. आणि ब्रुनेईहून आणलेला पंखा दाखवायला लागलात. वीज नव्हती घरात, पण पंखा होता."

ओसरीवर कोणी हसलं नाही, कारण हसू सगळ्यांनाच येत होतं. लेम्बाने डॉक्टरांना हे सगळं मलयमध्ये सांगितलं. पंखा तिने गाळला होता, मग विचार करून तोही सांगितला. एकदा गाळल्याचे परिणाम तिने पाहिले होते.

डॉक्टरांनी तो चौकोन पडद्यावर मोठा केला आणि लॅपटॉप इनीकडे वळवला. इनीने हात पुसले, जवळ आली, वाकली.

"एवढंसंच?"

"अकरा ठिपके," डॉक्टर म्हणाल्या. "सातशे किलोमीटर वरून."

इनीने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथे नाग निघाला होता. सुलाऊ रडत घरी पळाली. मी एकटीने संपवलं उरलेलं." ती तशीच वाकून उभी राहिली. तिचं बोट पडद्यावरून हलेना. मग म्हणाली, "म्हणजे कोणीतरी बघत होतं म्हणायचं."

लेम्बाला ते लगेच भाषांतरित करता आलं नाही. शब्द सोपे होते.

पुढले दोन दिवस त्यांनी घरोघरी जाऊन सर्वेक्षण पुन्हा केलं. अन्नाचा प्रश्न सुधारला. सातव्या प्रश्नापुढे त्यांनी 'इबानमध्ये विचारता येत नाही, कारणं जोडपत्रात' असं लिहिलं. जोडपत्र नऊ पानांचं झालं, ते लेम्बाने लिहिलं, आणि खाली तिचं नाव पडलं. टेकडीच्या नव्या नकाशात डॉक्टरांनी अठरा तुकडे काढले आणि प्रत्येकावर वर्ष आणि नाव घातलं. अठराव्यावर 'सेंदी, १९९९'.

कचेरीचं उत्तर सभ्य होतं. जोडपत्र फार उद्‌बोधक वाटलं. मात्र संगणकात सातव्या प्रश्नाला हो, नाही आणि अंशतः एवढंच घालता येतं, आणि नकाशात जंगल, खराब झालेलं जंगल आणि जंगल नसलेलं एवढंच. डॉक्टरांनी आपला विरोध लेखी कळवला आणि अहवालावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. पुढल्या वर्षी त्या संस्थेने त्यांना बोलावलं नाही.

संमतीसाठी बावीस दारांची बैठक भरली. सौर दिव्यांवर बराच वाद झाला. मेरांगला दिवे हवे होते, आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं: "जंगलाला काय म्हणायचं ते म्हणा, मला न्हाणीत उजेड हवा." तिच्या बाजूने सात दारं होती. विरुद्ध पंधरा. उम्पाऊने पत्राचा मजकूर सांगितला, लेम्बाने तो मलयमध्ये उतरवला: 'आपल्याला जी टेकडी वाचवायची आहे ती आमच्याकडे नाही, हे कळवताना खेद होतो. आमच्याकडे आहे ती दुसरी आहे.'

संस्थेने दोन खोरी पलीकडची एक दरी घेतली, जिथे कोणीच राहत नाही. तिथे प्रश्न विचारावे लागले नाहीत. दिवे अर्थात आले नाहीत, आणि मेरांग अजून ते ऐकवते.

पुढल्या सप्टेंबरात इनी सेंदीच्या तुकड्यावर पेरणी झाली. डॉक्टर तेओ सुटी काढून, स्वतःच्या खर्चाने आल्या. पुढे पुरुषांची रांग टोकदार काठ्यांनी भोकं पाडत चालली होती, त्यात आकीही होते. मागे बायका गळ्यातल्या टोपलीतून चिमूट चिमूट बी टाकत होत्या. राख अजून कोमट होती. डॉक्टर लेम्बा आणि इनीच्या मधोमध चालत होत्या आणि प्रत्येक भोकात मूठ मूठ बी ओतत होत्या.

इनीने बराच वेळ सहन केलं. मग तिने डॉक्टरांचं मनगट धरलं.

"अगं बाई, भात पेरतेस की भोक बुजवतेस? कोंबड्या तरी बऱ्या, त्यांना निदान पोट भरलेलं कळतं!"

डॉक्टर लेम्बाकडे वळल्या. "काय म्हणाल्या?"

लेम्बाने काळे झालेले हात झग्याला पुसले.

"थोडं कमी टाका म्हणाल्या," तिने सांगितलं.